करडा, परंतु कोणता ?

रंगाची निवड ही बायकांची बाब, असें म्हणून पुरुषमंडळी लुगड्यांच्या दुकानांत बाहेरच्या बांकावर बसून जांभया देतात, हें आपण नेहमींच पाहतों. परंतु त्याच पुरुषांना स्वतःच्या मोटारीचा रंग ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांची जी तारांबळ उडते, ती पाहून कोणाहि गृहिणीस हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. गेल्या वर्षीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत मी जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं माझ्या भाच्याकडे राहिलों होतों. त्या दोन महिन्यांत त्याच्या घरीं दुसरा विषय म्हणून नव्हता. विषय एवढाच, कीं मोटारीस कोणता करडा रंग द्यावा.

हा प्रश्न प्रथम कानीं पडला तेव्हां मलाहि हंसूं आलें होतें. करडा तो करडा. त्यांत कोणता काय विचारावयाचें? परंतु दोन महिन्यांनीं मी परत निघालों तेव्हां ह्या प्रश्नाची थट्टा करण्याची छाती मला राहिली नव्हती.

मोटारीची हकीकत अशी. स्टुटगार्ट हें पोर्श मोटारींचें गांव. त्या कारखान्याची ९११ ही गाडी जगप्रसिद्ध आहे. पण तिला एक गरीब बहीणहि होती. अंगलट तीच, यंत्र मात्र सहाऐवजीं चार सिलिंडरांचें, नांव ९१२. १९६५ पासून १९६९ पर्यंत ती निघत होती. माझ्या भाच्यानें दहा वर्षें पगारांतून पैसे बाजूस टाकून १९६८ सालची असली एक गाडी कोणा शेतकऱ्याच्या कोठारांतून विकत घेतली. तेव्हां तिचा रंग भडक लाल होता आणि ठिकठिकाणीं तो फुगून खालून गंज डोकावत होता. यंत्र दुरुस्त झालें, पत्र्याचें काम झालें, आतां रंगाची पाळी आली. उघड्या पत्र्यापासून सबंध गाडी रंगविण्यास तिकडे इतका खर्च येतो, कीं चुकला तर पुन्हां देऊं, असें म्हणण्याची सोय नसते. दहा वर्षांच्या पुंजीपैकीं जी शेवटची रक्कम उरली होती, ती ह्या एका कामासाठींच होती.

ह्या गाड्यांना दाराच्या बिजागरीच्या खांबावर एक बारीकशी धातूची पट्टी लावलेली असते व तीवर मूळ रंगाचा आंकडा असतो. लाल रंग खरवडून ती पट्टी वाचली तेव्हां कळलें, कीं गाडी जन्मतः करडी आहे. त्या रंगाचें जर्मन नांव शीफरग्राउ. शीफर म्हणजे ज्या दगडाच्या पाटीवर आपण लहानपणीं मुळाक्षरें गिरविलीं तो दगड. येथूनच वादास तोंड फुटलें. पत्र्याचें काम केलेले वृद्ध कारागीर म्हणाले, जन्माचा रंग तोच द्या, बाकी सर्व सोंग. भाच्याच्या मनांत मात्र कॉलेजांत असल्यापासून आउडीच्या गाड्यांवरचा नार्दो करडा भरला होता. आणि भाचेसून, जी तेथील एका इस्पितळांत नोकरीस असून हिंवाळ्यांत पहांटेच्या अंधारांत घरून निघते, तिचें म्हणणें निराळेंच होतें. ती म्हणाली, "मामा, ही गाडी मीहि चालविणार आहें. धुक्यांत, पावसांत समोरच्याला ती दिसली पाहिजे. डांबराच्या रंगाची गाडी घेऊन डांबरी रस्त्यावर जावयाचें मला भय वाटतें." तिनें ज्या फिकट करड्याचा पक्ष धरला तोहि पोर्शचाच, त्याचें नांव क्रायड, म्हणजे खडू. एकीकडे पाटी, दुसरीकडे खडू, आणि मध्यें नार्दो ! मीं चाळीस वर्षें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलेलें, तेव्हां निकाल मामांनीं द्यावा, असें दोघांनीं ठरवून टाकलें.

आपल्या भाषेंत ह्या रंगाला नांवांची वाण नाहीं. राखी, करडा, भुरा, पारवा, धुरकट, धूसर. हे सारे शब्द आपण एकाच डब्यांत टाकून बेफिकीर असतों. खरें पाहतां प्रत्येकाचा मुलूख वेगळा आहे. गोवरीच्या राखेंत पिवळसर पांढरटपणा असतो, पारव्याच्या पाठीवर निळी झांक असते, भुऱ्यांत तपकिरीचा अंश असतो, आणि धुरकट म्हणतांना रंगापेक्षां त्याच्या अस्पष्टपणाकडेच आपलें लक्ष असतें. मोटारवाल्यांनीं हें बारकाईनें ओळखलें आहे. त्यांच्या करड्यांचीं नांवें दगडांवरून, प्राण्यांवरून आणि आकाशांतील वस्तूंवरून ठेवलेलीं आढळतात : पाटीचा दगड, अकीक, उल्का, सील, डॉल्फिन. जर्मन लोकांनीं तर १९२७ सालींच उद्योगधंद्यांसाठीं राल नांवाची रंगांची यादी बांधली. आरंभीं तींत चाळीस रंग होते. आज करड्यांना तींत सात हजारांपासूनचे आंकडे दिलेले असून पहिल्या करड्याचें नांव एका जातीच्या खारीच्या केसांवरून आहे. खारीपासून प्रारंभ करणारी यादी मला तरी लगेच विश्वासार्ह वाटली.

करडा म्हणजे पांढरा अधिक काळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. मोटारीच्या रंगांतील पांढरा म्हणजे टायटेनियम डायॉक्साइडची भुकटी, आणि काळा म्हणजे कार्बनची काजळी. परंतु ही काजळी एकाच प्रकारची नसते. अतिशय बारीक काजळी पांढऱ्यांत कालविली, तर होणारा करडा तपकिरीकडे झुकतो. त्याहून जाड कणांची कालविली, तर तो निळ्याकडे झुकतो. मग त्याला ताळ्यावर आणण्यासाठीं पिवळी माती, तांबडें लोहभस्म, एखादा निळा, असें काय काय चिमूटचिमूट घालावें लागतें. वरण फोडणीवांचून होत नाहीं तसा करडा ह्या चिमटींवांचून होत नाहीं. शिवाय आपला डोळा येथें विलक्षण चोखंदळ आहे. गडद लाल रंगांत थोडा फरक पडला तर तो बहुतेकांच्या ध्यानीं येत नाहीं. पण करड्यांत तेवढाच फरक पडला, कीं "हा हिरवा दिसतो", "हा जांभळा मारतो", असें लहान मूलहि सांगतें. म्हणूनच रंगारी लोक लालापेक्षां करड्याला अधिक भितात.

करड्यांचीं दोन घराणीं आहेत, आणि निवड करणारानें आधीं घराणें ठरवावें, मग नांव. पहिलें घराणें सपाट रंगाचें. त्यांत नुसतीं रंगद्रव्यें. कोठूनहि पाहिलें तरी तो साधारण तसाच. पाटी, खडू आणि नार्दो ह्या घराण्यांतले. दुसरें घराणें धातुमिश्रित रंगाचें. त्यांत अल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात, माशाच्या खवल्यांसारख्या सपाट आणि केसाच्या जाडीहून लहान. ह्या चकत्या पत्र्याशीं समांतर निजलेल्या असल्या म्हणजे समोरून पाहणाराला त्या आरशाप्रमाणें चकाकतात, आणि बाजूनें पाहणाराला त्याच काळवंडलेल्या दिसतात. आपल्याकडे पैठणीचें धूपछांव पोत असतें, ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्याचा, आणि पदर हलला कीं रंग हलतो. तोच चमत्कार येथें धातूच्या खवल्यांनीं होतो. पोर्शचा अकीक-करडा ह्या घराण्यांतला. त्याच्यांत उन्हांत किंचित् तपकिरी झांक येते व सांजेला तो जवळजवळ काळा होतो. जुन्या जेम्स बाँडपटांत, १९६४ च्या 'गोल्डफिंगर' मध्यें, दिसणारी अॅस्टन मार्टिन डीबी५ ही गाडीहि ह्याच घराण्यांतील रुपेरी रंगाची.

ह्या दुसऱ्या घराण्याशीं सोयरीक करण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खवले कसे निजतील हें फवारणाराच्या हातावर असतें. रंग ओला व दाट फवारला तर ते आंत बुडून तिरपे राहतात आणि रंग गडद होतो; कोरडा फवारला तर ते वरच पसरून रंग उजळ होतो. डबा एकच, पण दोन हातांचे दोन रंग. म्हणून अशा गाडीचें एक दार ठोकरलें, तर रंगारी तेवढेंच दार रंगवून गप्प बसत नाहीं. शेजारच्या दारावर व पंख्यावर रंग हळूहळू विरवीत नेतो, म्हणजे सांधा दिसूं नये. सपाट करड्याला हा त्रास पुष्कळ कमी.

पुस्तकांतला रंग पाहून निर्णय द्यावयाचा नाहीं, एवढें मीं पहिल्याच दिवशीं बजावलें. हाताच्या बोटाएवढ्या नमुन्यावरून सबंध गाडीची कल्पना करणें म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण ती भातालाच लागू आहे. रंगाचें क्षेत्र वाढलें कीं तोच रंग डोळ्यांना अधिक उजळ वाटूं लागतो. म्हणून रंगाऱ्याकडून दीड-दीड हात लांबीचे पांच पत्रे फवारून आणविले : पाटी, खडू, नार्दो, अकीक, आणि तुलनेसाठीं साधा रुपेरी. ते किंचित् वांकवून घेतले, कारण ह्या गाडीचें अंग कोठेंच सरळ नाहीं. आणि सज्जांत, अंगणांत, कुंपणापाशीं, गल्लीच्या तोंडाशीं असे ते आम्हीं रोज हिंडवूं लागलों. शेजाऱ्यांनीं प्रथम काय तर्क केला असेल तो देव जाणे.

पहिल्याच आठवड्यांत नार्दोच्या पत्र्यानें भाच्याचा भ्रमनिरास केला. घरामागें लाल विटांची भिंत आहे. तिच्यापुढें धरला, तर तो पत्रा हिरवट दिसे. तोच कुंपणाच्या हिरव्या झुडुपांपुढें नेला, तर त्याच्यांत गुलाबी छटा येई. भाचा म्हणाला, "मामा, रंगाऱ्यानें फसविलें, पत्र्यावर रंग सारखा बसला नाहीं." मीं त्याला शेव्ह्रूल साहेबांची गोष्ट सांगितली. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ ह्या गालिच्यांच्या राजकीय कारखान्यांत रंगविभागाचे मुख्य होते. त्यांच्याकडे तक्रार आली, कीं तुमच्या लोकरीचा काळा रंग फिका पडतो, त्यांत जोम नाहीं. शेव्ह्रूलनीं काळ्या लोकरीची तपासणी केली, तर रंगांत कांहीं दोष नाहीं. दोष होता शेजाऱ्याचा. काळ्या धाग्यालगत जे निळे-जांभळे धागे विणले जात, त्यांच्यामुळें काळा डोळ्यांना फिका वाटे. पुढें १८३९ सालीं त्यांनीं ह्या विषयावर मोठा ग्रंथच लिहिला. त्यांतील मुख्य सिद्धांत असा, कीं शेजारीं असलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेस ढकलतात. लालाजवळचा करडा हिरवट होतो, हिरव्याजवळचा लालसर. ठाम रंगाला स्वतःचें कांहीं बोलावयाचें असतें; करड्याला तें कमी, म्हणून शेजारी म्हणेल त्याला तो मान डोलवितो.

भाच्याचा विश्वास बसेना, तेव्हां सूनबाईनें संगणकावर एक प्रसिद्ध चित्र काढून दाखविलें. अमेरिकेंतील एम. आय. टी. विद्यापीठाच्या एडवर्ड एडलसन ह्या प्राध्यापकांनीं १९९५ सालीं तें तयार केलें. बुद्धिबळाचा पट आहे, त्यावर एका नळकांड्याची सांवली पडली आहे. सांवलींतलें एक पांढरें घर आणि उजेडांतलें एक काळें घर, हीं दोन्ही छापलेलीं मात्र अगदीं एकाच करड्या रंगाचीं ! हें ठाऊक असूनहि डोळा तें कबूल करीत नाहीं. मीं कागदाला दोन भोकें पाडून बाकीचें चित्र झांकलें, तेव्हां कोठें भाचा निमूट झाला. ह्या चित्रानें आमचा वाद मिटला नाहीं. पण आपण जो रंग विकत घेणार तो डब्यांत नसून निम्मा रस्त्यावर आहे, हें तिघांनाहि पटलें.

दिव्यांचा खेळ तर ह्याहून नामी. दिवसा सारखे दिसणारे दोन करडे रात्रीं घरांतील दिव्याखालीं वेगळे दिसावे, ह्यांत नवल नाहीं. त्यांतील रंगद्रव्यें वेगळीं असलीं म्हणजे असें होणारच. परंतु पूर्वीं रस्त्यावर जे पिवळे सोडियमचे दिवे असत, त्यांतील कमी दाबाच्या दिव्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच जातीचा असे; त्यांच्याखालीं लाल काय, निळी काय, सगळ्याच मोटारी करड्या होत. गल्लीच्या टोकाला असा एखादा दिवा असता, तर आमच्या घरांतील तंटा रात्रीपुरता तरी मिटला असता.

आतां ह्या वेगवान गाड्या करड्या-रुपेरी होण्याची चाल कोठून पडली, हें सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वींपासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत प्रत्येक देशाला रंग नेमून दिलेला असे : इंग्लंडला हिरवा, फ्रान्सला निळा, इटलीला लाल, बेल्जमला पिवळा आणि जर्मनीला पांढरा. १९३४ सालीं गाडीचें वजन ७५० किलोग्रॅमांहून अधिक असूं नये असा नियम आला. मर्सिडीझ पथकाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर पुढें सांगत असत, कीं त्या वर्षीं नुर्बुर्गरिंगवरील आयफेल शर्यतीच्या आदल्या रात्रीं आमची गाडी एका किलोनें जड भरली, तेव्हां रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि सकाळीं उघड्या अल्युमिनियमची रुपेरी गाडी धांवली. गोष्ट इतकी गोजिरी आहे, कीं खरी नसली तरी खरी वाटावी. इतिहासकार मात्र ती मान्य करीत नाहींत. ती विशिष्ट शर्यत वजनाच्या त्या नियमाखालीं झालीच नव्हती, आणि १९३२ सालींच बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर मर्सिडीझची एक रुपेरी गाडी जिंकून गेली होती. तें कसेंहि असो, 'रुपेरी बाण' हें नांव पडलें तें पडलें, आणि जर्मन मोटार म्हणजे धातूचा रंग, ही समजूत लोकांच्या मनांत घट्ट बसली.

नार्दोची कथा ह्या मानानें कालची. दक्षिण इटलींत, टांचेच्या भागांत, नार्दो नांवाचें गांव आहे. तेथें १९७५ सालीं मोटारींच्या परीक्षेसाठीं १२.६ किलोमीटर घेराची वर्तुळाकार सडक बांधली. २०१२ पासून तिची व्यवस्था पोर्शकडे आहे. त्या सडकेचें नांव ह्या रंगाला मिळालें. तो रंग म्हणजे ओल्या सिमेंटवर कांच ठेवावी तसा. खालीं धातूचा एक कणहि नाहीं आणि वर मात्र लखलखीत रोगण. पहिल्यानें पाहणाराला वाटतें, गाडीवर अस्तराचा हात दिला आणि रंग द्यावयाचे विसरले. त्याच्या विचित्रपणांतच त्याची मोहिनी आहे. तीक्ष्ण कडांच्या, रागीट चेहऱ्याच्या आजच्या गाड्यांवर तो शोभतो, हें मी कबूल करतों. पत्र्यावरील प्रत्येक घडीची सांवली तो स्वच्छ दाखवितो. परंतु १९६८ च्या ह्या गोलमटोल गाडीवर तो मला मातीच्या अर्धवट मूर्तीसारखा वाटला. वांकवलेल्या पत्र्यावर हें इतकें उघड दिसलें, कीं भाच्यानेंच एके दिवशीं तो पत्रा गुपचूप उचलून तळघरांत ठेवला. कॉलेजपासूनचें प्रेम असें संपलें. मीं कांहीं बोललों नाहीं.

उरले पाटी आणि खडू. आणि येथें प्रश्न रुचीचा राहिला नाहीं.

करडा रंग धोक्याचा आहे कीं काय, ह्याचा शोध लोकांनीं घेतला आहे. ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठानें २००७ सालीं अपघातांची छाननी करून असें काढलें, कीं दिवसाच्या वेळीं पांढऱ्या गाडीच्या तुलनेनें काळ्या गाडीला अपघाताचा धोका १२ टक्के, करड्या गाडीला ११ टक्के आणि रुपेरी गाडीला १० टक्के अधिक. सूनबाईच्या हातीं हें शस्त्रच आलें. भाच्यानेंहि मग न्यूझीलंडमधील ऑकलंडचा २००३ सालचा अभ्यास शोधून काढला; त्यांत रुपेरी गाडींतील माणसांना गंभीर इजा होण्याचा संभव पांढऱ्या गाडीपेक्षां निम्म्यानें कमी दिसला होता. पति-पत्नी दोन विद्यापीठें घेऊन एकमेकांसमोर उभीं ! माझें मत असें, कीं दोन्ही अभ्यास प्रामाणिक असले तरी रुपेरीच्या चकाकीवरून गडद, सपाट करड्याचा बचाव करतां येत नाहीं. पाटीचा रंग धातूचा नव्हे. त्याला चकाकीचा आधार नाहीं.

तेव्हां आम्हीं स्वतःच परीक्षा घेतली. ऑक्टोबरांतील एका पावसाळी संध्याकाळीं गल्लीच्या टोकाशीं, सुमारें दोनशें पावलांवर, दोन्ही पत्रे कुंपणाला टेकवून ठेवले आणि सूनबाईला अलीकडच्या टोकाशीं उभें केलें. साडेसहाच्या सुमारास पाटी ओल्या रस्त्यांत विरघळून गेली. पत्रा तेथेंच होता, मीच ठेवला होता, तरी मलाहि तो दिसेना. खडू आणखी पंधरा-वीस मिनिटें टिकला आणि मग तोहि गेला. सूनबाई जिंकली, असें मी म्हणणार, तोंच वळणावरून एक मोटार आली. तिचा रंग कोणता होता हें आम्हां तिघांपैकीं कोणासहि सांगतां येईना. तिचे दिवे मात्र ती वळण्यापूर्वींच ओल्या भिंतीवर दिसले होते. सूनबाई बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिली. मग म्हणाली, "पंधरा मिनिटांसाठीं मी भांडणार नाहीं. पण एक अट. किल्ली फिरविली कीं दिवे लागलेच पाहिजेत. लावावयास विसरलों, हें चालणार नाहीं." युरोपांत २०११ पासून नव्या जातीच्या गाड्यांना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले आहेत; १९६८ च्या गाडीला ते कोठून असणार ? भाच्यानें त्याच आठवड्यांत तारांची जोडणी तशी करून घेतली. अशा रीतीनें पाटीचा रंग ठरला.

भाच्याच्या बाजूनें एक गोष्ट सांगणें न्यायाचें आहे. ह्या रंगाला मान आहे. स्टीव्ह मॅक्वीन ह्या अमेरिकन नटाच्या १९७१ च्या 'ल मां' चित्रपटांत आरंभीं जी पोर्श ९११ एस शांतपणें खेड्यापाड्यांतून जाते ती ह्याच पाटीच्या करड्याची. ती गाडी २०११ सालीं लिलांवांत पावणेचौदा लाख डॉलरांना गेली. आमच्या चार सिलिंडरांच्या बाईंना असली किंमत कोण देतो ! पण जन्माचा रंग राखलेल्या जुन्या गाडीला जाणकार चार पैसे अधिक मोजतात हें खरें, आणि दहा वर्षांच्या पुंजीवर तेवढा विचार करणें गैर नाहीं.

ठरला म्हणजे सांपडला असें मात्र नव्हे. आंकड्यावरून मिसळलेला पहिला नमुना आला, तो सर्वांनाच निळसर वाटला. ताडून पाहावयास मूळ रंग कोठें तरी शाबूत हवा. भाच्यानें पुढच्या सामानाच्या खणांत, गालिच्याखालीं, एक सुटें झांकण शोधून काढलें. त्यावर लाल फवारा कधींच पोंचला नव्हता. त्याच्याशीं ताडून रंगाऱ्यानें दुसरा नमुना केला. तो यंत्रानेंहि अचूक जुळला आणि आतां सबंध गाडीचा रंग कालवावयाचा, इतक्यावर गोष्ट आली. मला मात्र तो करडा थोडा अधिकच उबदार, राखेकडे झुकलेला वाटे. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलें, कीं हें तर मीं स्वतः वर्गांत कितीदां सांगितलें आहे ! त्या काळच्या अल्किड राळेच्या रंगांत तेलाचा अंश असे, आणि असा रंग उजेडानें नव्हे, अंधारानें पिवळा पडतो. घरांतल्या तसबिरीच्या मागें झांकलेला पांढरा तेलरंग असाच पिवळटतो. पन्नासहून अधिक वर्षें गालिच्याखालीं निजलेलें झांकण ! आम्हीं ज्याला अस्सल म्हणून पुजीत होतों, तो अंधाराचा रंग होता.

सकाळीं उठून तें झांकण घांसून-पुसून दक्षिणेकडच्या खिडकींत ठेवलें. अंधारानें आलेला पिवळेपणा उजेडानें पुष्कळसा परततो. तीन आठवडे रंगाऱ्याला थांबविलें. तो रोज फोन करी, आणि त्याचें खरें होतें, कारण त्याची जागा अडून राहिली होती. झांकण हळूहळू निवळलें. तिसरा नमुना पहिल्या व दुसऱ्याच्या मध्यें, पहिल्याला थोडा जवळ, असा ठरला. म्हणजे आंकडा पहिल्यापासून फारसा चुकला नव्हता. पण हें कळण्यास झांकणाला खिडकींत बसावें लागलें.

मी निघावयाच्या आदल्या दिवशीं गाडी रंगून दारांत आली. आकाश भरलेलें होतें, पाऊस भुरभुरत होता. किल्ली फिरवितांच दिवे लागले. सूनबाईनें तेवढें आधीं पाहून घेतलें. वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्या जर्मन बाई, ज्यांनीं दोन महिने आमचे पत्रे येतां-जातां पाहिले होते, त्या मुद्दाम खालीं उतरल्या. गाडीभोंवतीं एक फेरी घालून त्यांनीं भाच्याचा हात हातांत घेतला आणि म्हणाल्या, "किती सुंदर निळी आहे हो !"

भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं छत्री उघडून त्या बाईंच्या डोक्यावर धरली.